पुसलेली राणी, उगवता चंद्र: कलाकृतींच्या काळाची नोंद कशी होते

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचे एक सचित्र फारसी हस्तलिखित आहे. अहमदनगरच्या पहिल्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे हे काव्य आफताबी नावाच्या कवीने रचले. त्यात आज १२ चित्रे शिल्लक आहेत. दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत या चित्रांची गणना होते आणि महाराष्ट्राच्या मातीत घडलेली कलाकृती म्हणून त्यांचे मोल फार मोठे आहे. या पोथीवर तिच्या निर्मितीचे साल सापडत नाही. तरीही अभ्यासक तिचा काळ १५६५ ते १५६९ असा, अवघ्या चार-पाच वर्षांत बसवतात. हे कसे जमले?

उत्तर पोथीतच आहे. काव्यात राक्षसतागडीच्या लढाईचे, म्हणजे जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव झाला त्या लढाईचे वर्णन आहे. तेव्हा पोथी त्याआधीची असूच शकत नाही. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू चित्रांत दडली आहे. चित्रकाराने हुसेनशहाच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायून, म्हणजेच चांदबिबीची आई, मोठ्या मानाने रंगवली होती. पुढे कुणीतरी तिला बहुतेक चित्रांतून पुसून टाकले. राजा जागेवर आहे, सेवक आहेत, आणि राणीच्या जागी नुसता डाग. हुसेनशहा लढाईनंतर त्याच वर्षी वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार राणीच्या हाती आला. १५६९ मध्ये मुर्तझाने आईला कैदेत टाकून सत्ता आपल्याकडे घेतली. राणीला इतक्या मानाने चितारण्याचे धाडस त्यानंतर कोण करणार? म्हणून १५६९ ही दुसरी कड.

या दोन कडांचे वजन सारखे नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. १५६५ ही कड पक्की आहे, कारण लढाई होण्याआधी तिचे वर्णन लिहिता येत नाही. १५६९ ही कड तर्काची आहे. तर्क उत्तम आहे, पण तो तर्कच. चांगल्या नोंदीत ‘१५६५–६९’ एवढे आकडे तर येतातच, शिवाय कोणता आकडा कशाच्या आधारावर उभा आहे तेही येते. उद्या एखादे नवे कागदपत्र सापडले तर नेमकी कोणती कड हलवायची, हे मग पुढच्या अभ्यासकाला कळते.

संग्रहालयातल्या पाटीवर आपण ‘सुमारे’ हा शब्द वाचतो आणि पुढच्या दालनात जातो. त्या एका शब्दामागे किती शोध असतो आणि तो शोध नोंदीत टिकवण्यासाठी किती काळजी घ्यावी लागते, हे पाहिले की थक्क व्हायला होते.

आज जगभरची मोठी संग्रहालये कलाकृतीच्या काळाची नोंद एकाच रकान्यात करत नाहीत. अमेरिकेतल्या गेटी संस्थेने कलाकृतींच्या वर्णनासाठी जे निकष तयार केले, त्यांत ही पद्धत स्पष्ट मांडली आहे. पहिला रकाना माणसांसाठी. त्यात ‘सुमारे १५६५–६९’, ‘सतराव्या शतकाची अखेर’, ‘१८९४ नंतर’ असे हवे ते शब्दांत लिहावे. पुढचे दोन रकाने यंत्रासाठी: लवकरात लवकरचे साल आणि उशिरात उशिराचे साल. आपल्याकडे इतिहासाचे अभ्यासक यांना पूर्वमर्यादा आणि उत्तरमर्यादा म्हणतात. हे दोन आकडे सहसा प्रेक्षकाला दिसत नाहीत, पण शोध त्यांच्यावरच चालतो. कुणी ‘१५६७ मधली दख्खनी चित्रे’ असा शोध घेतला, तर ‘सुमारे १५६५–६९’ हे शब्द संगणकाला उमगत नाहीत. १५६५ आणि १५६९ हे दोन आकडे मात्र त्याला कळतात आणि राणी पुसलेली ती पोथी समोर येते.

या दोन आकड्यांत किती अंतर ठेवायचे, हा खरा कस लागण्याचा भाग. ‘सुमारे १८९०’ लिहिताना अभिरक्षकाच्या मनात बहुधा पाच-दहा वर्षांचे मागेपुढे असते. ‘सुमारे इ.स.पू. १००’ लिहिताना तोच शब्द पन्नास किंवा शंभर वर्षांचे अंतर पोटात घेऊन बसलेला असतो. शब्द एक, आवाका वेगळा. म्हणून प्रत्येक संस्थेने आपला नियम ठरवून तो लिहून ठेवायचा असतो आणि त्या विशिष्ट कलाकृतीविषयी अधिक माहिती असेल तर नियम बाजूला सारून तिचे खरे अंतर लिहायचे असते.

हे केले नाही तर काय होते, ते जुन्या नोंदवह्या चाळल्या की दिसते. ‘अठराव्या शतकाचा मध्य’ असा जाणकाराने दिलेला अंदाज नोंदवहीत सोयीसाठी ‘१७५०’ होतो. नोंदवहीतून तो सूचीत जातो, सूचीतून पुस्तकात. तिसऱ्या पिढीतला वाचक ‘१७५० साली काढलेले चित्र’ असे म्हणू लागतो आणि त्यावर निष्कर्ष उभारतो. मुळात कुणीच खोटे बोललेले नसते. फक्त एक ‘सुमारे’ वाटेत गळालेला असतो. शून्यावर किंवा पन्नासावर संपणारे साल कोणत्याही जुन्या सूचीत दिसले की मी आधी सावध होतो. कलावंत गोल आकड्यांच्या वर्षी अधिक काम करत होते असे मानायला काहीच कारण नाही.

शतकाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. सतरावे शतक म्हणजे १६०१ ते १७००. इसवी सनापूर्वीच्या काळात यंत्राची आणखी एक खोच आहे. आपल्या नेहमीच्या मोजणीत इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र शून्य वर्ष आहे आणि ते म्हणजे इ.स.पू. १. त्यामुळे इ.स.पू. १०० हे यंत्रात उणे ९९ होते. जिथे पन्नास वर्षांचा अंदाज आहे तिथे एका वर्षाने काय बिघडते, असे वाटेल. पण नाणी, ग्रहणे आणि शिलालेख यांच्याशी मेळ घालताना हाच एक नडतो.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने अनिश्चित तारखांसाठी एक छोटी चिन्हलिपी विकसित केली आणि २०१९ मध्ये तिचा समावेश त्याच आंतरराष्ट्रीय मानकात झाला. तिच्यातला एक भेद मला फार मोलाचा वाटतो. सालापुढे ~ हे चिन्ह असेल तर अर्थ ‘जवळपास’: साल याच्या आगेमागे आहे. सालापुढे ? असेल तर अर्थ ‘शंका’: साल हेच असावे, पण त्याचा आधार डळमळीत आहे. पुसट झालेल्या आकड्याचा वाचक ‘१६०५ असावे’ म्हणतो तेव्हा ते १६०४ किंवा १६०६ असण्याचा फारसा संभव नसतो. शेवटचा आकडा ५ नसून ९ असू शकतो, म्हणजे १६०९. अशा ठिकाणी ‘सुमारे १६०५’ लिहिणे ही चूकच. दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर % हे तिसरे चिन्ह आहे, आणि शेवटचा आकडा मुळीच कळत नसेल तर त्या जागी इंग्रजी एक्स घालतात. अज्ञानाचे इतके प्रकार वेगळे करून लिहिण्याची सोय माणसाने केली, हे मला खरोखर अद्भुत वाटते.

काही कलाकृतींवर साल अगदी स्पष्ट कोरलेले असते आणि तरीही काळ कळत नाही. नाशिकची पांडवलेणी हे त्याचे अस्सल उदाहरण. तिथल्या लेणे क्र. १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत आणि त्यांत ४१, ४२ आणि ४५ ही वर्षे आली आहेत. जुन्नरला नहपानाच्या अमात्याचा लेख आहे, त्यात ४६. आकडे ठसठशीत. पण कशाची वर्षे? लेख ते सांगत नाहीत. शक संवत मानला तर लेणे इ.स. १२० च्या आसपासचे ठरते. ती नहपानाच्या स्वतःच्या राजवटीची वर्षे मानली, तर काही अभ्यासकांच्या मते तो पहिल्या शतकातच बसतो. आकड्यात काडीचीही शंका नाही, आणि तरीही पन्नासेक वर्षांचा फरक पडतो. जवळच्याच लेणे क्र. ३ मधला गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा आहे. पुळुमावी गादीवर केव्हा बसला हे जसे ठरवाल तसे लेणेही पुढेमागे सरकते. अशा ठिकाणी नोंदीत मूळ आकडा जसाच्या तसा आधी लिहायचा, ‘राज्यवर्ष १९’, आणि इसवी सनातले रूपांतर त्यानंतर, कोणाच्या कालगणनेनुसार केले तेही सांगून. मूळ आकडा टाकून फक्त इसवी सन ठेवला तर पुढे दुरुस्तीला जागाच उरत नाही.

हिजरी सनातली गोष्ट थोडी वेगळी. विजापूरच्या अली आदिलशहाच्या काळातले ‘नुजूम अल-उलूम’ हे ज्योतिषविद्येचे सचित्र हस्तलिखित डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यावर हिजरी ९७८ हे साल आहे. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. ९७८ हे वर्ष जून १५७० मध्ये सुरू होऊन मे १५७१ मध्ये संपते. म्हणून ते ‘१५७०–७१’ असे लिहितात. ‘१५७० ते १५७१ या दोन वर्षांत चाललेले काम’ असा त्याचा अर्थ घेणारे वाचक भेटतात. इथे मात्र तो एकाच वर्षाचा दोन पंचांगांतला ठसा असतो. दोन्ही प्रकारांत लिहायची रेघ सारखीच दिसते, म्हणून मूळ हिजरी साल सोबत हवेच.

शक संवताची आपल्याला सवय आहे: ७८ मिळवले की इसवी सन, आणि पौषानंतरच्या तिथ्यांना ७९. त्यातही ‘गत’ आणि ‘वर्तमान’ हा भेद जुन्या लेखांत असतोच. शक संपलेला मोजला की चालू, यावर एका वर्षाचा फरक पडतो. संवत्सराचे नाव दिलेले असेल तर तो फरक मिटतो, आणि म्हणून पुष्पिकेतले, म्हणजे पोथीच्या अखेरच्या नोंदीतले, संवत्सराचे नाव ‘अनावश्यक’ समजून गाळणे हा मोठाच गुन्हा. शिवराज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंद संवत्सर. आपण ६ जून १६७४ म्हणतो, ते ज्युलियन दिनदर्शिकेनुसार. आजच्या ग्रेगरियन दिनदर्शिकेत तोच दिवस १६ जून येतो. इंग्लंडने ग्रेगरियन दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली, त्यामुळे त्याआधीच्या इंग्रजी कागदांतली प्रत्येक तारीख वाचताना हे दहा-अकरा दिवस लक्षात ठेवावे लागतात. वर्ष कोणत्या दिवशी सुरू होते यानेही फरक पडतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत बोत्तिचेल्लीचे येशूजन्माचे एक गूढ चित्र आहे. त्यावर त्याने ग्रीक भाषेत ‘१५०० सालाच्या अखेरीस’ अशा आशयाची नोंद केली आहे. फ्लॉरेन्समध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. तेव्हा त्याची १५०० ची अखेर आपल्या हिशेबाने १५०१ च्या सुरुवातीला पडते. चित्रकाराने स्वतःच्या हाताने साल लिहूनही ही गत.

आता अजिंठा. कालनिश्चितीच्या इतिहासात यापेक्षा मोठी गोष्ट मला तरी माहीत नाही.

वाघूर नदीच्या वळणावरच्या लेण्यांत दोन टप्पे आहेत यावर एकमत आहे. ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांसारखी जुनी लेणी इसवी सनापूर्वीची, पहिल्या-दुसऱ्या शतकातली. उरलेली बरीच नंतरची. वाद आहे तो या नंतरच्या लेण्यांचा. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी पहिल्या लेण्यातल्या दरबाराच्या एका चित्रात परदेशी पोशाखातली माणसे पाहिली आणि तो चालुक्य पुलकेशी दुसरा इराणच्या खुस्रोच्या वकिलाला भेटतो तो प्रसंग असल्याचे मत मांडले. पुलकेशी सातव्या शतकातला, तेव्हा चित्रही सातव्या शतकातले. एका चित्राच्या ओळखीवर अख्ख्या लेण्याचा काळ ठरला. पुढे अभ्यासकांनी दाखवले की तो प्रसंग बौद्ध कथेतला आहे, आणि परदेशी व्यापारी तर त्याआधीही या मुलखात येत होते. ओळख गेली, पण तिच्यावर टेकलेले सातवे शतक पुस्तकांतून आणि वाटाड्यांच्या तोंडून कितीतरी वर्षे गेले नाही. साल कशावर टेकले आहे हे नोंदीत नसेल, तर आधार कोसळल्यावरही साल हवेत तरंगत राहते. ते असे.

भक्कम आधार शिलालेखांत आहे. १६ क्रमांकाचे लेणे वराहदेवाने करवले. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. १७ क्रमांकाच्या लेण्याचा लेख हरिषेणाच्या एका मांडलिकाच्या घराण्याचा, त्यातही हरिषेणाचे नाव आहे. २६ क्रमांकाचे चैत्यगृह बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ कोरवले, त्यात हरिषेणाचे नाव नाही. मग हरिषेण केव्हा झाला? वाकाटकांनी आपल्या लेखांत राज्यवर्षेच दिली, संवत दिला नाही. इथे वाशिम मदतीला येते. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, याच शाखेची राजधानी. तिच्याजवळच्या हिस्से-बोराळा गावी एक शिलालेख सापडला: हरिषेणाचा बाप देवसेन याच्या काळातला, स्वामिल्लदेवाने बांधलेल्या ‘सुदर्शन’ नावाच्या तलावाचा. आणि त्यावर शके ३८० हे साल आहे! म्हणजे इ.स. ४५८, गत-वर्तमानाच्या भेदाने फार तर एक वर्ष आधी. तलावाच्या बांधकामाची ती नोंद, चित्रांशी तिचा काडीचाही संबंध नाही. तरी अजिंठ्याच्या महान चित्रांना तिने पूर्वमर्यादा दिली: बाप ४५८ मध्ये राज्य करत होता, तेव्हा मुलाच्या मंत्र्याचे लेणे त्यानंतरचेच. विदर्भातल्या एका गावच्या दगडाने जगप्रसिद्ध लेण्यांचा काळ बांधून दिला, याचा विचार करताना माझे मन आजही भरून येते.

उत्तरमर्यादेसाठी असा दगड नाही. म. म. वा. वि. मिराशी यांनी संस्कृत लेखक दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या विश्रुताच्या कथेकडे लक्ष वेधले. एका थोर राजानंतर त्याचा व्यसनी मुलगा गादीवर येतो आणि अश्मकाच्या कारस्थानाने राज्य बुडते, ही कथा वाकाटकांच्या पाडावाची आठवण असावी असे त्यांचे मत. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी हा धागा उचलला आणि आयुष्य अजिंठ्यात घालवले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे मत असे की नंतरची सगळी लेणी सुमारे ४६२ ते ४८० या दोन दशकांत कोरली गेली, हरिषेण ४७७ मध्ये गेला आणि तो जाताच काम कोलमडले.

स्पिंक यांचे पुरावे पाहण्यासारखे आहेत. राजांच्या वंशावळींइतकेच त्यांनी दरवाज्यांकडे लक्ष दिले. लाकडी दाराचे खुंट ज्यात फिरतात ती खोबणी दगडात कशी कोरली आहे, हे त्यांनी लेण्यालेण्यात तपासले. पाथरवट काम करता करता शिकत होते. खोबणी कोरण्याची रीत बदलत गेली, आणि एकाच लेण्यात कुठे जुनी, कुठे नवी रीत दिसते. मग कोणती खोली आधी, कोणती नंतर, हे ओळीने लावता येते. अर्धवट सोडलेले खांब, नियोजनात न बसणाऱ्या जागी घाईने कोरलेल्या बुद्धमूर्ती, ज्या गाभाऱ्यात पूजा फारशी झालीच नाही अशा खुणा, हे सगळे त्यांनी त्याच ओळीत गुंफले. पाच खंडांहून मोठ्या ग्रंथात त्यांनी हे मांडले आणि कित्येक ठिकाणी एकेका वर्षाची नेमकी तारीख दिली.

इथे माझे मत सांगतो. कामाचा क्रम आणि काळाचा आखूडपणा याबाबत स्पिंक यांचे म्हणणे मला पटते. दगडावरच्या खुणा क्रम सांगतात आणि तो त्यांनी अपार कष्टाने वाचला. पण खुंटाची खोबणी साल सांगत नाही. क्रमाला साल जोडण्यासाठी त्यांना कथेचा आधार घ्यावा लागला आणि तिथे शंकेला जागा आहे. अनेक अभ्यासकांना ही वर्षावर्षाची मांडणी मान्य नाही. मग नोंद कशी करावी? पहिल्या लेण्याच्या चित्रांसाठी मी असे लिहीन: पाटीवर ‘इ.स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध’. पूर्वमर्यादा ४५८, आधार हिस्से-बोराळा. उत्तरमर्यादा ५००, आधार शैली व लिपी. आणि शेऱ्यात ‘स्पिंक यांच्या मते सुमारे ४६२–४८०’, त्यांच्या नावासह. त्यामुळे स्पिंक यांचे मत जपले जाते आणि त्याचे वजनही वाढवून दाखवले जात नाही.

प्रयोगशाळाही मदत करते, आणि प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रकारची कड देते. ओकच्या फळीवर रंगवलेल्या युरोपीय चित्रात लाकडाची वर्षवलये मोजून सर्वांत बाहेरचे वलय कोणत्या साली पडले ते सांगता येते. त्यावरून फक्त एवढे ठरते की चित्र त्या सालानंतरचे. फळी किती वर्षे पडून होती, हे वलय कसे सांगणार? किरणोत्सारी कार्बनची चाचणी चर्मपत्राचा काळ सांगते, शाईचा नव्हे. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कुराणाच्या पानांना इ.स. ५६८ ते ६४५ असा अवधी मिळाला, ९५.४ टक्के संभाव्यतेने. अवधी आणि संभाव्यता ही जोडी नोंदीत सोबतच राहिली पाहिजे. रंगद्रव्य मात्र कधी कधी निकालच लावते. २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात चित्रकार हाइनरिख काम्पेन्डोंकचे १९१४ चे म्हणून एक घोड्यांचे चित्र २८ लाखांहून अधिक युरोंना विकले गेले. तपासणीत त्यात टायटॅनियम व्हाइट सापडले. हा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आला तो १९२० च्या सुमारास. चित्र वोल्फगांग बेल्ट्राची या बनावटखोराचे निघाले आणि २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली.

सगळ्यांत सुंदर पुरावा आकाशातला. नेदरलँड्समधल्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात व्हॅन गॉगचे चंद्रोदयाचे चित्र आहे. डोंगरकड्याआडून निम्मा वर आलेला नारिंगी चंद्र, पुढे कापणी झालेल्या गव्हाच्या पेंढ्या. व्हॅन गॉग बऱ्याच पत्रांवर तारीख घालत नसे, त्यामुळे १८८९ च्या उन्हाळ्यातले एवढेच निश्चित होते. टेक्सासमधले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि त्यांचे सहकारी चित्र जिथे काढले त्या फ्रान्समधल्या सेंट-रेमीला गेले, चित्रातले घर आणि तो कडा शोधून त्यांनी दिशा मोजल्या. चंद्र नेमका त्या जागी उगवताना दिसण्याच्या दोनच संधी होत्या: १६ मे आणि १३ जुलै. मे महिन्यात तिथला गहू हिरवा असतो. चित्रात पिवळ्या पेंढ्या आहेत. उत्तर आले: १३ जुलै १८८९, रात्रीचे ९ वाजून ८ मिनिटे. चंद्राच्या कला दर १९ वर्षांनी त्याच तारखांना परततात. हे संशोधन २००३ च्या जुलैत प्रसिद्ध झाले, म्हणजे बरोबर सहा फेऱ्यांनंतर. तरीही नोंदीत एक सावधगिरी हवी. ९ वाजून ८ मिनिटे ही चंद्राची वेळ, चित्राची नव्हे. त्या क्षणी जे दिसले ते कॅनव्हासवर उतरायला वेळ लागलाच असणार.

चित्रकाराने स्वतः लिहिलेले सालही दर वेळी मानता येत नाही. रशियाचा काझिमीर मालेविच याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस काही चित्रे काढून त्यांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षे घातली, जणू ती त्याच्या तरुणपणातली. इटलीच्या ज्योर्जो दे किरिको यानेही आपल्या नंतरच्या चित्रांवर आधीची साले टाकली. अशा चित्राच्या नोंदीत ‘चित्रावर लिहिलेले साल’ आणि ‘काढल्याचे साल’ हे वेगळेच ठेवावे लागतात. लिहिलेले साल खोटे असले तरी ते पुसायचे नाही. कलावंताने ते का लिहिले हाही त्या चित्राच्या इतिहासाचाच भाग आहे.

आणि काही कलाकृतींना एकच जन्मवर्ष नसते. महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या घरांत राजा रविवर्म्याची छापील चित्रे आहेत. लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय. त्यांच्याविषयी विचारले की लोक मूळ तैलचित्राचे साल सांगतात. पण हातातला कागद तेव्हाचा नसतो. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईला गिरगावात सुरू झाला. काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला आणि छपाई पुढेही चालूच राहिली. एकाच चित्राच्या प्रती वर्षानुवर्षे निघत राहिल्या. तेव्हा अशा छापील चित्राच्या नोंदीत निदान दोन काळ हवेत: मूळ चित्र केव्हाचे आणि हा कागद केव्हाचा. १८९४ ही या छापखान्याच्या कोणत्याही प्रतीची पूर्वमर्यादा. पुढचा धागा बहुतेक वेळा चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला असतो: छापखान्याचे नाव आणि गाव. तिथे ‘कार्ला-लोणावळा’ असेल तर प्रत कारखाना मुंबईहून हलल्यानंतरची. चौकट बसवताना ही कडच अनेकदा कापली जाते किंवा चौकटीच्या पट्टीखाली जाते. घरात असे चित्र असेल आणि चौकट बदलायची वेळ आली, तर कड न कापता आधी तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा. आजी-आजोबांनी ते कुठून, कुठल्या प्रसंगी आणले हे घरात कुणाला आठवत असेल, तर तेही मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने लिहावे, सांगणाऱ्याच्या नावासह आणि सांगितल्याच्या तारखेसह: ‘आजीच्या लग्नाच्या आधीपासून घरात’ एवढे जरी कळले, तरी प्रतीला उत्तरमर्यादा मिळते.